पारावर मिटलं, कोर्टात राहिलं: बांधावरच्या मारहाणीचं एक प्रकरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी वकिली करतो. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा दोन्ही घरं मला एकच वाक्य सांगत होती, "साहेब, ते तर तेव्हाच मिटलं." खटला मात्र चालू होता आणि एका साठीच्या माणसावर अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. असं दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माणसांना नात्यानंच संबोधलं आहे.

पार्श्वभूमी

दोन सख्ख्या भावांच्या वाटण्या झाल्या आणि एकाच गटाचे दोन तुकडे पडले. थोरल्या घरात आबा, काकू आणि त्यांची दोन मुलं. धाकट्या घरात पुतण्या, त्याची आई, बायको आणि दोन लहान लेकरं. त्याचे वडील वारलेले. मधे बांध आणि बांधाच्या टोकाला सामाईक विहीर. वाटणी तोंडी झाली होती, सातबारा नंतर वेगळा झाला, पण जमिनीवर मोजणी कधीच झाली नाही. बांध कुठं आहे हे ज्याला-त्याला आपापल्या आठवणीप्रमाणे ठाऊक होतं.

आमच्याकडे बांध कोरणं हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. दर उन्हाळ्यात नांगराचा एक तास बांधाच्या पोटात घालायचा, पाच-सहा वर्षांत हातभर जमीन इकडची तिकडे होते. बैल होते तेव्हा हे सावकाश व्हायचं. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर आल्यापासून एका दुपारीत बांध निम्मा होतो.

काय घडलं

जून २०१९. पेरणीआधीची शेवटची पाळी घालायला आबांच्या थोरल्या मुलानं भाड्याचा ट्रॅक्टर लावला होता. पुतण्या शेतात आला, ट्रॅक्टरसमोर उभा राहिला. शिवीगाळ झाली. थोरल्या मुलाच्या हातात खोरं होतं, त्याचा दांडा पुतण्याच्या कपाळाला लागला. धाकटा मुलगा विहिरीवर होता, तो सोडवायला धावत आला. काकूही आल्या. त्यांना पुतण्यानं ढकललं आणि अशी शिवी दिली की ती त्यांनी नंतर कुणाजवळही उच्चारली नाही.

ग्रामीण रुग्णालयात पुतण्याच्या कपाळाला तीन टाके पडले. डॉक्टरांनी दाखल्यात लिहिलं, साधी दुखापत, कठीण व बोथट वस्तूनं. रात्री पोलीस ठाण्यात फिर्याद झाली. भारतीय दंड संहितेची कलमं लागली ३२४ (धोकादायक साधनानं दुखापत), ३२३ (साधी मारहाण), ५०४ (अपमान), ५०६ (धमकी) आणि ३४ (अनेकांनी समान इराद्यानं केलेलं कृत्य). आरोपी तीन, आबा आणि दोन्ही मुलं. धाकट्याचं नाव कसं आलं ते पुतण्यानं मला चार वर्षांनी सांगितलं. "हवालदारांनी विचारलं, अजून कोण कोण होतं? मी म्हटलं, धाकटाही होता. होता तर खरंच. पण मारायला नव्हता."

काकूंनी त्याच रात्री तक्रार दिली, ती अदखलपात्र म्हणून नोंदवहीत गेली. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस करत नाहीत. काकूंना एका कागदाची प्रत मिळाली, ती त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि त्याबद्दल पुढे कुणी त्यांना काही विचारलं नाही.

पारावरची तडजोड

आषाढी एकादशीच्या आधी गावातल्या पाच-सहा जाणत्या माणसांनी दोन्ही घरांना मारुतीच्या पारावर बसवलं. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा या गावातही समिती नेमली गेली होती. मोहिमेचा जोर ओसरला तरी गावात कुणाचं भांडण झालं की तीच माणसं पुढे येतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पेरणीच्या दिवसांत दोन घरं ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात हे त्यांना बघवत नव्हतं.

ठरलं ते असं. आबांनी पुतण्याला दवाखान्याचा खर्च आणि भरपाई म्हणून ३५,००० रुपये द्यायचे. २०,००० लगेच, १५,००० सोयाबीन विकल्यावर. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहिलं गेलं, "फिर्यादी केस मागे घेत आहे. यापुढे उभयतांची एकमेकांविरुद्ध काहीही तक्रार राहिली नाही." सह्या झाल्या, पंचांच्या सह्या झाल्या, नोटरीही झाली. चहा झाला. आबांनी पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या कागदात बांधाबद्दल एक शब्द नव्हता. काकूंच्या तक्रारीचा उल्लेख नव्हता, आणि काकू पारावर नव्हत्याच.

अडचण कुठे झाली

ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीच्या पावसानं मराठवाड्यातलं सोयाबीन जागेवर कुजलं. आबांचंही गेलं. १५,००० रुपये दिले गेले नाहीत. पुतण्यानं मागितले नाहीत, पण तो विसरलाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ट्रॅक्टर आला आणि पुन्हा बांधाच्या पोटात तास घातला गेला.

पोलिसांनी मधल्या काळात दोषारोपपत्र दाखल केलं होतं. स्टँपचा कागद ठाण्यात कुणीतरी नेऊन दिला होता. तो फाइलला लागला की नाही कुणाला ठाऊक नाही. त्यानं काही फरक पडलाही नसता. फिर्याद दिली की गुन्हा फिर्यादी आणि आरोपी या दोघांपुरता राहत नाही, खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. फिर्यादीला तो आपल्या सहीनं मागे घेता येत नाही. समन्स आलं तेव्हा आबांनी हवालदाराला सांगितलं, "आमचं मिटलंय," आणि तारखेला गेले नाहीत. मग २०२० आलं, कोविडमुळे न्यायालयांचं कामकाज आखडलं आणि सगळ्यांनाच वाटलं की प्रकरण संपलं.

२०२२ च्या जानेवारीत पहाटे पोलीस आबांच्या दारात आले. आधीचं जामीनपात्र वॉरंट बजावलंच गेलं नव्हतं, आता अजामीनपात्र निघालं होतं. त्या दिवशी दुपारी आबा मला पहिल्यांदा भेटले. धोतरावर स्वेटर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला तो स्टँप. वॉरंट रद्द करून घेतलं, तिघांना हजर केलं, दंड भरला. मग मी स्टँप वाचला आणि आबांना सांगितलं की या कागदानं खटला संपत नाही.

आबांइतकाच धक्का धाकट्या मुलाला बसला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता.

कायदा काय म्हणतो

तडजोडीला कायद्यात जागा आहे, आणि ती जुनी आहे. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे जखमी किंवा नुकसान झालेला माणूस स्वतःच मिटवू शकतो: साधी मारहाण (३२३), बेकायदा अडवणूक (३४१), खाजगी नुकसानाची आगळीक (४२७), अतिक्रमण (४४७), चिथावणीच्या हेतूनं अपमान (५०४), धमकी (५०६), आणि साधी चोरीसुद्धा. दुसऱ्या तक्त्यातले गुन्हे न्यायालयाच्या परवानगीनं मिटतात, त्यात गंभीर दुखापत (३२५), फसवणूक (४२०), विश्वासघात (४०६) वगैरे येतात. अशी तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो. आणि कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं आहे की या तरतुदीबाहेर कोणताही गुन्हा आपसात मिटवता येणार नाही.

३२४, म्हणजे धोकादायक हत्यारानं किंवा साधनानं दुखापत, एकेकाळी या यादीत होतं. नंतरच्या दुरुस्तीनं ते काढलं गेलं. त्यामुळे आमच्या भागात एक विचित्र परिस्थिती वारंवार दिसते: हाड मोडलं तर ३२५, ते न्यायालयाच्या परवानगीनं मिटतं, तीन टाके पडले आणि दांडा हातात होता तर ३२४, ते मिटत नाही. हे अशिलाला समजावून सांगताना मला अजूनही अवघड जातं.

पैसे घेऊन गुन्हा दडवणं हा दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे (कलम २१३ आणि २१४). कायद्यानं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांना त्यातून वगळलं आहे. करार कायद्याच्या कलम २३ खालच्या उदाहरणांतही हेच आहे: जबरी चोरीचा खटला सोडून देण्याच्या बदल्यात नेलेल्या मालाची किंमत परत करायचा करार रद्दबातल. पारावरच्या पंचांनी कुणाला वाचवण्यासाठी पैसे दिले-घेतले नव्हते, भरपाईच ठरवली होती. तरी "केस मागे घेतो, पैसे द्या" अशा शब्दांत लिहिलेला कागद कुणाच्याही फायद्याचा नसतो.

जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आकडे बदलले. साधी दुखापत आता ११५(२), धोकादायक साधनानं दुखापत ११८(१), तडजोडीची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ मध्ये. साध्या मारहाणीचा दंड १,००० रुपयांवरून १०,००० पर्यंत गेला. ११८(१) मात्र तडजोडीच्या यादीत नाहीच. म्हणजे ही अडचण आजही तशीच आहे.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग गावातल्या प्रत्येकानं सुचवला, आणि खरं सांगायचं तर न्यायालयाच्या आवारातही दोघा-तिघांनी सुचवला. पुतण्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून म्हणायचं, "मला कुणी मारलं नाही, मी पडलो." फितूर व्हायचं. रोज असे खटले सुटतात. मी याला नकार दिला. शपथेवर खोटं बोलायला लावणं हा माझा धंदा नाही, आणि ज्याच्या कपाळावर खूण आहे त्याच्याच तोंडून ती खूण खोटी ठरवायची, ही त्याला दुसऱ्यांदा केलेली मारहाणच आहे. शिवाय धाकट्याच्या भरतीला त्याचा काही फायदा नव्हता. त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरा मार्ग, ३२४ लागूच होत नाही असं म्हणून आरोपनिश्चितीआधी अर्ज करणं. दाखल्यात साधी दुखापत आहे, दांडा लाकडी आहे, तो जीव घेऊ शकेल असं हत्यार नाही. न्यायालयानं हे मानलं तर ३२३ उरतं आणि ते तिथंच मिटतं. मुद्दा चांगला होता. पण कपाळावर दांडा बसला आहे, आणि त्या टप्प्यावर न्यायाधीश बहुधा म्हणतात की हे पुराव्यात बघू. अर्ज फेटाळला गेला असता तर वर्षभर गेलं असतं.

तिसरा, लोकअदालत. अनेकांना वाटतं लोकअदालतीत काहीही मिटतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार जे गुन्हे कायद्यानं तडजोडयोग्य नाहीत त्यांच्यावर लोकअदालतीला अधिकारच नाही.

चौथा, गुन्हा कबूल करून भरपाई देणं आणि कमी शिक्षेचा करार करणं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांना ही सोय २००६ पासून आहे. पुतण्यालाही यात बोलता आलं असतं, पैसेही अधिकृतपणे मिळाले असते. पण तिघांवर दोषी असा शिक्का बसला असता आणि धाकट्यानं तर मारलंच नव्हतं.

पाचवा, उच्च न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज करून गुन्हाच रद्द करून घेणं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात म्हटलं की कलम ३२० मधली तडजोड आणि उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा प्रामुख्यानं खाजगी स्वरूपाचा असेल आणि खरोखर समेट झाला असेल, तर तडजोडयोग्य नसलेला गुन्हाही रद्द करता येतो. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मात्र नाहीत. २०१४ च्या नरिंदर सिंग प्रकरणात दुखापत शरीराच्या कोणत्या भागावर आहे, हत्यार कोणतं, खटला कोणत्या टप्प्यावर आहे हे बघायला सांगितलं. आमच्याकडे दुखापत डोक्याला होती, हा मुद्दा अडचणीचा. आरोप निश्चित झाले नव्हते, हा सोयीचा.

खर्च आणि लांबचा प्रवास असूनही हाच मार्ग मला योग्य वाटला. तो सुचवण्याआधी मी एक गोष्ट करायला हवी होती, ती मी उशिरा केली.

निर्णयाची जागा: पुतण्याला नेमकं काय हवं होतं

मी आबांचा वकील होतो. पुतण्याला भेटलो ते आबांच्या थोरल्या मुलाच्या दुचाकीवरून जाऊन, आणि तो मुलगा समोर बसला असतानाच मी बोलणं सुरू केलं. ही माझी चूक होती. ज्यानं दांडा मारला त्याच्यासमोर, माफी द्यायची का असं मी विचारत होतो. पुतण्या म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." माझं काम झालं असं समजून मी परत आलो.

मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. अशा मसुद्यात एक ठरलेलं वाक्य असतं, वर्षानुवर्षं एकाच्या फाइलमधून दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाणारं: "सदर फिर्याद गैरसमजातून देण्यात आली होती." तो वाचायला पाठवला. दोन दिवसांनी पुतण्या एकटाच माझ्या ऑफिसात आला. खुर्चीत बसला नाही. कपाळावर बोट ठेवून म्हणाला, "गैरसमज? तीन टाके गैरसमजातून पडले का साहेब?"

त्या दिवशी खरं बोलणं झालं. १५,००० रुपयांचा राग होता, पण पैशापेक्षा दुसरं जास्त बोचत होतं. पारावर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. वीस माणसांसमोर आबांनी डोक्यावर हात ठेवला, त्या क्षणी नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं. आणि बांध अजून कोरला जातच होता. "मला त्यांना जेलमध्ये घालायचं नाही. ते माझे आबाच आहेत. पण मी खोटं बोललो असं लिहून देणार नाही."

मी त्याला सांगितलं की त्यानं स्वतःचा वकील करावा. दोन्ही बाजूंचा कागद मीच लिहीत बसलो असतो तर ते ना नियमात बसलं असतं ना न्यायात. त्यानं माझ्याच बारमधल्या एका तरुण वकीलबाईंना गाठलं. पुढचे दोन महिने त्यांनी मला सहज काही मान्य करू दिलं नाही, आणि त्यामुळेच शेवटचा कागद टिकला.

काकूंकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. वकीलबाईंनीच विचारलं की त्या अदखलपात्र तक्रारीचं काय. कायद्यानं तिची मुदत संपली होती. ३२३ ची शिक्षा एक वर्षापर्यंत, त्यामुळे दखल घ्यायची मुदतही एक वर्ष, आणि कोविडकाळाची सवलत धरूनही ती २०२२ च्या मध्यात संपत होती. पण काकूंना मुदतीशी देणंघेणं नव्हतं. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो; त्यांना तो मिळवून दिला. त्या वकिलाला काकू म्हणाल्या, "त्यानं पारावर नको, माझ्या दारात येऊन बोलावं. आणि विहिरीवर माझी पाळी मोडू नये."

प्रत्यक्षात काय केलं

आधी मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात दोघांच्या सहीनं हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, फी निम्मी-निम्मी. भूमापक यायला बराच काळ गेला. मोजणीत निघालं की बांध काही ठिकाणी पुतण्याच्या बाजूला सरकला होता आणि विहिरीजवळच्या एका टोकाला आबांच्या बाजूला. दोघांनाही ते अनपेक्षित होतं. खुणांचे दगड पुरले, मोजणीच्या नकाशाची प्रत दोघांनी घेतली. थोरला मुलगा त्या दिवशी दगड पुरताना पुतण्याबरोबर घाम गाळत होता, हे मी स्वतः पाहिलं नाही. वकीलबाईंनी पाहिलं.

मग कागद. राहिलेले १५,००० रुपये पुतण्याच्या खात्यावर बँकेतून, रोख नाही. विहिरीच्या पाळ्या वारांप्रमाणे लिहिल्या. बांध नांगरायचा नाही, दोन्ही बाजूंनी एक-एक फूट सोडायचा. हे सगळं समझोत्याच्या दस्तात आलं. प्रतिज्ञापत्रात पुतण्यानं लिहिलं की घटना घडली होती, त्याला दुखापत झाली होती, धाकट्यानं त्याला मारलं नव्हतं, आणि आता कुणाच्याही दबावाशिवाय त्याला खटला चालवायचा नाही. "गैरसमज" हा शब्द काढला. मला धास्ती होती की घटना मान्य केली तर न्यायालय रद्द करायला कचरेल. ती धास्ती चुकीची होती.

काकूंच्या दारात पुतण्या गेला. काय बोलला ते मला माहीत नाही, विचारलं नाही.

निकाल

औरंगाबाद खंडपीठापुढे अर्ज आला तेव्हा न्यायमूर्तींनी पुतण्याला समोर बोलावलं आणि मराठीतच विचारलं, पैसे मिळाले का, कुणी धमकावलं का, का मिटवताय. त्यानं सांगितलं, "बांध मोजून झाला आहे." सरकारी वकिलांनी डोक्याच्या दुखापतीकडे लक्ष वेधलं. न्यायालयानं दाखला पाहिला, साधी दुखापत असल्याची नोंद घेतली, आणि तिघांना प्रत्येकी १०,००० रुपये कायदेशीर मदतीच्या निधीत भरायला सांगून गुन्हा आणि खटला दोन्ही रद्द केले. जून २०१९ ची घटना, २०२३ च्या अखेरीस निकाल.

खर्चाचा हिशेब बोलका आहे. पारावरचे ३५,००० तर होतेच. त्यावर वॉरंटच्या वेळचा खर्च, मोजणी, दोन वकील, संभाजीनगरच्या फेऱ्या आणि निधीतले ३०,०००. दोन्ही घरांचा मिळून एका हंगामाचा पैसा गेला.

धाकट्या मुलाच्या भरतीचं काय झालं ते सांगायला हवं. मधल्या काळात त्यानं एकदा अर्ज भरला होता आणि एका शिकवणीवाल्यानं त्याला सांगितलं होतं, "मिटलेली केस लिहू नकोस." त्यानं सुदैवानं मला विचारलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात हेच तपासलं गेलं आहे: लपवलेला गुन्हा क्षुल्लक असेल तर नेमणूक करणारा ते लपवणं माफ करू शकतो, पण क्षुल्लक नसेल तर लपवणं हेच उमेदवारी रद्द करण्याचं कारण ठरू शकतं. आणि २०१३ च्या मेहर सिंग निकालात दिल्ली पोलिसांच्या भरतीतले उमेदवार तडजोडीनं किंवा साक्षीदार फितूर झाल्यानं सुटले होते, तरी त्यांना नाकारण्याचा निर्णय न्यायालयानं कायम ठेवला. फितूर होण्याच्या मार्गानं त्याला काही मिळालं नसतं, ते यासाठीच. त्यानं फॉर्मवर खरं लिहिलं. लेखी परीक्षेत गुण कमी पडले, चारित्र्य पडताळणीपर्यंत तो पोचलाच नाही. आता तो एका खाजगी कंपनीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

फिर्यादीच्या रात्रीच सुरुवात करता आली असती. ठाण्यात पुतण्याला कुणी सांगितलं नाही की तू जे नाव घेशील ते पुढे चार वर्षं त्या माणसाच्या मागे लागेल. त्याला सूड घ्यायचा नव्हता. "अजून कोण होतं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून धाकट्याचं नाव आलं.

पारावरच्या पंचांना मी दोष देत नाही. त्यांनी एक साधी गोष्ट करायला हवी होती: कागद लिहिण्याआधी फिर्यादीची प्रत बघायची आणि कलमं कोणती ते तालुक्याच्या विधी सेवा समितीत किंवा कुठल्याही वकिलाला विचारायचं. ३२३ आणि ५०४ असतं तर तारखेला जाऊन दोघांनी अर्ज दिला की काम झालं असतं. ३२४ होतं, तर दोषारोपपत्र आल्या-आल्या २०१९ मध्येच उच्च न्यायालयात जाता आलं असतं आणि वॉरंट, पहाटेचे पोलीस, हे काहीच झालं नसतं. आजच्या प्रकरणात ११५(२) आणि ११८(१) यांतला फरक बघायचा. ॲट्रॉसिटी किंवा बालकांवरचा लैंगिक अत्याचार असं काही असेल तर पारावर बसूच नये. त्यात मिटवणारेही अडकतात, आणि अडकायलाच हवेत.

हप्त्यानं पैसे द्यायचे ठरवताना हप्ता चुकला तर काय, हे लिहायला हवं होतं. सोयाबीन जाईल असा विचार कुणी केला नव्हता. पुतण्याला पंधरा हजार मिळाले नाहीत, यापेक्षा आबांनी येऊन "यंदा जमत नाही" असं सांगितलं नाही, याचा राग त्याला जास्त होता.

माझ्या बाजूनं दोन चुका. पुतण्याला आरोपीसमोर भेटलो, आणि न वाचता जुना मसुदा वापरला. दुसऱ्या चुकीनं पहिली उघडी पडली, नाहीतर पुतण्यानं गुमान सही केली असती आणि खंडपीठापुढे न्यायमूर्तींनी विचारल्यावर काय बोलला असता, मी सांगू शकत नाही. आता अशा कामात जखमी माणसाला आधी एकटं भेटतो, त्याला वकील आहे का ते विचारतो, आणि ते वाक्य माझ्या संगणकातून काढून टाकलं आहे.

एक बारीक गोष्ट निकालानंतर कळली. आदेशाची प्रमाणित प्रत तालुका न्यायालयात दिली, पण ठाण्यात द्यायची राहिली. धाकटा मुलगा नोकरीसाठी चारित्र्य दाखला काढायला गेला तेव्हा ठाण्याच्या नोंदीत गुन्हा अजून प्रलंबित दिसत होता. तीन हेलपाटे झाले. चौथ्या वेळी मी प्रत घेऊन बरोबर गेलो, ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला, तेव्हा कुठे नोंद बदलली.